निबंध अडतो तो इंग्रजीपाशी की मतापाशी?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: मी नववीला इंग्रजी शिकवते. वर्गात ४५ मुलं आहेत, तास ३५ मिनिटांचा. निबंधासाठी आठवड्याला दोन तास मिळतात. दर पंधरवड्याला साधारण ३०० शब्दांचा औपचारिक निबंध लिहायला देते, वह्या घरी नेते आणि प्रत्येक चूक लाल शाईने दुरुस्त करते. पुढच्या निबंधात त्याच चुका पुन्हा हजर. अर्धी मुलं गाइडमधला निबंध पाठ करून उतरवतात आणि विषय जरा फिरवला की पेन खाली ठेवतात. एक सहकारी म्हणतात, आधी व्याकरण पक्कं करा, निबंध नंतर बघू. दुसरे म्हणतात, दहा निबंध घोकून घ्या आणि मोकळ्या व्हा. मुख्याध्यापिकांना प्रत्येक वही तपासलेली दिसली पाहिजे. परीक्षेला चार महिने उरलेत. कुणाचं ऐकू?

उत्तर:

तुमच्या दोन्ही सहकाऱ्यांचे सल्ले उलट दिशेचे वाटतात, पण दोघांनी एक गोष्ट धरूनच चाललीय: मुलांना इंग्रजी कमी पडतं, म्हणून निबंध जमत नाही. एक ती उणीव व्याकरणाने भरणार, दुसरे पाठांतराने. पत्रावरून तुम्हालाही तसंच वाटत असावं. हे खरं आहे की नाही ते आधी बघा. त्याला एक तास लागतो.

मुलांनी कधी न लिहिलेला विषय द्या. समजा, ‘गृहपाठाला वेळेची मर्यादा असावी का?’ पहिली बारा मिनिटं मराठीत लिहू द्या, पुढची पंधरा इंग्रजीत. वह्यांवर लाल शाई लावू नका, फक्त वाचा. मराठी मजकूर वाचून झाला की स्वतःला विचारा, हे मूल काय म्हणतंय? उत्तर एका वाक्यात देता आलं पाहिजे. मग वह्यांचे तीन गठ्ठे करा. मराठीत मत स्पष्ट आहे आणि इंग्रजीतही कसंबसं पोचलंय, तो पहिला. मराठीत स्पष्ट आहे पण इंग्रजीत हरवलंय, तो दुसरा. मराठीतही मत सापडत नाही, तो तिसरा. ‘गृहपाठ चांगला असतो पण जास्त नसावा पण अभ्यास महत्त्वाचा आहे’ अशा वह्या तिसऱ्यात जातील. माझा अंदाज आहे की तिसरा गठ्ठा तुम्हाला वाटतोय त्यापेक्षा बराच जाड निघेल. त्यातल्या मुलांना वर्षभर क्रियापदाचे काळ शिकवलेत तरी निबंध येणार नाही, कारण त्यांच्यापाशी सांगायला काही ठरलेलंच नाही. इंग्रजी अपुरं असण्याची खरी अडचण दुसऱ्या गठ्ठ्यातल्यांची. दोघांवर एकच औषध चालत नाही, आणि सरसकट लाल शाईने नेमकं तेच होत आलंय.

आधी व्याकरण, मग निबंध, या क्रमाबद्दल. स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन या संशोधकांनी २००७ मध्ये चौथी ते बारावीच्या विद्यार्थ्यांना लेखन शिकवण्याच्या प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. आराखडा कसा करायचा, मसुदा कसा सुधारायचा या पायऱ्या उघड करून शिकवणं आणि सारांश लिहायला शिकवणं, या दोन्हींचा परिणाम त्यात सर्वांत मोठा दिसला, ०.८२ (शून्य म्हणजे त्या शिकवण्याने काहीच फरक पडला नाही; आकडा जितका मोठा तितका फायदा जास्त). छोटी वाक्यं जोडून मोठं वाक्य करण्याचा सराव ०.५० वर होता. लेखनापासून तोडून सुटं व्याकरण शिकवण्याचा परिणाम शून्याच्याही खाली गेला. तुमच्या मुलांची इंग्रजी ही पहिली भाषा नाही, म्हणून हे आकडे जसेच्या तसे उचलायचे नाहीत. त्यांना व्याकरण लागणारच. पण ते त्यांच्याच वाक्यांतून आलं पाहिजे. ‘द होमवर्क वॉज लाँग. द स्टुडंट्स वेअर टायर्ड. दे कॉपीड द आन्सर्स.’ ही तीन वाक्यं फळ्यावर लिहा आणि त्यांचं एक करायला सांगा. कुणी ‘बिकॉज’ने सुरू करेल, कुणी ‘सो’ मध्ये घालेल, कुणी ‘टायर्ड’ हा शब्द उचलून ‘स्टुडंट्स’च्या आधी ठेवेल. तिन्ही उत्तरं फळ्यावर घ्या आणि कुठलं वाचायला सोपं जातं ते मुलांनाच ठरवू द्या. तासाच्या सुरुवातीची पाच मिनिटं रोज एवढं केलंत तर उपवाक्यं, स्वल्पविराम आणि क्रियापदाची जुळणी यांचा सराव आपोआप होत राहतो.

आता खुद्द निबंध. आपण शिक्षक विषय देतो आणि ‘लिहा’ म्हणतो. मधली पायरी कुणी शिकवतच नाही, ती म्हणजे विषयाचं विधान करणं. ‘होमवर्क’ हा नुसता विषय झाला. ‘होमवर्क इज व्हेरी इम्पॉर्टंट इन अवर लाइफ’ हेही विधान नव्हे, कारण त्याला कुणी नाही म्हणणार नाही. थीसिस स्टेटमेंट असं हवं: ‘स्कूल्स शुड लिमिट होमवर्क टू वन अवर अ डे, बिकॉज टायर्ड स्टुडंट्स लर्न लेस अँड बिकॉज नॉट एव्हरी स्टुडंट हॅज हेल्प अ‍ॅट होम.’ यात एक मत आहे आणि दोन कारणं आहेत. दोन कारणं म्हणजे मधले दोन परिच्छेद. मुलाने हे एक वाक्य नीट बांधलं की निबंधाचा सांगाडा उभा राहिला.

वाक्य जमलं का हे मुलाला स्वतःला तपासता आलं पाहिजे. त्यासाठी तीन प्रश्न पुरतात. शेजारचा शहाणा मुलगा याला ‘मला पटत नाही’ म्हणू शकेल का? यात ‘बिकॉज’ आहे का? ३०० शब्दांत हे सिद्ध करता येईल का? तिसऱ्या प्रश्नावर बरीच वाक्यं गळतात. ‘एज्युकेशन सिस्टिम शुड बी चेंज्ड’ याला पुस्तक लागेल, निबंधात ते मावायचं नाही. पहिले दोन आठवडे निबंध लिहून घेऊच नका. दर तासाला दोन विषय, त्यांची दोन विधानं, जोडीजोडीने. एकाने लिहायचं, दुसऱ्याने तीन प्रश्न विचारायचे. तुम्ही फिरत राहा आणि फसलेल्या विधानांतलं एखादं फळ्यावर घेऊन सर्वांसमोर दुरुस्त करा. नाव सांगू नका.

एकदा एका मुलीने विचारलं तर काय सांगाल, की ‘मला दोन्ही बाजू पटतात’? तिला एका बाजूला ढकलू नका. मर्यादा, अट, अपवाद यांत तिचं मत शोधा. ‘वीकडेजला मर्यादा असावी, सुट्टीत नसावी’ हेही मतच आहे आणि बहुतेक वेळा जास्त विचारी असतं. फक्त ते ठाम हवं. ‘इट हॅज बोथ अ‍ॅडव्हान्टेजेस अँड डिसअ‍ॅडव्हान्टेजेस’ असं म्हणून सुटायचं नाही.

सगळ्यात जास्त वेळ परिच्छेदावर घालवा. माझ्या मते चार महिन्यांतला निम्मा वेळ इथे गेला तरी वावगं नाही. नेमकं काय बिघडतं ते एका नमुन्यावर बघू. नववीच्या वहीत हमखास सापडेल असा परिच्छेद:

‘होमवर्क टेक्स अ लॉट ऑफ टाइम. स्टुडंट्स आर टायर्ड. दे कान्ट प्ले. प्लेइंग इज गुड फॉर हेल्थ. हेल्थ इज वेल्थ.’

व्याकरणाची चूक इथे शोधून सापडणार नाही. लाल शाईवाला शिक्षक फार तर ‘कान्ट’ खोडेल. तरी परिच्छेद पडला, कारण प्रत्येक वाक्य मागच्या वाक्याचा शेवट पकडून पुढे सरकलंय आणि पहिल्या वाक्याकडे एकही परत आलेलं नाही. गृहपाठापासून निघालेलं मूल पाच वाक्यांत सुविचाराला जाऊन पोचलं. त्याला मुद्दे भरपूर सुचतात, पण एका मुद्द्यावर थांबता येत नाही. म्हणून समासात लिहायला दोनच शेरे ठेवा: ‘कशावरून?’ आणि ‘मग काय?’ पहिल्याने पुरावा किंवा उदाहरण मागायचं, दुसऱ्याने ते मूळ विधानाशी जोडून घ्यायचं. ‘स्टुडंट्स आर टायर्ड’पुढे ‘कशावरून?’ आणि ‘दे कान्ट प्ले’पुढे ‘मग काय?’ एवढंच लिहून वही परत द्या. दुरुस्त झालेला परिच्छेद साधारण असा दिसेल:

‘लाँग होमवर्क लीव्ह्ज स्टुडंट्स टू टायर्ड टू लर्न. अ स्टुडंट हू रीचेस होम अ‍ॅट फाइव्ह अँड हॅज थ्री अवर्स ऑफ रिटन वर्क ऑफन फिनिशेस लेट अ‍ॅट नाइट. द लास्ट पेजेस आर कॉपीड रादर दॅन अंडरस्टुड. द नेक्स्ट मॉर्निंग, द सेम स्टुडंट फाइंड्स इट हार्ड टू फॉलो अ न्यू लेसन. द एक्स्ट्रा अवर्स, देअरफोर, डू नॉट अ‍ॅड टू लर्निंग.’

शब्द कुठलेच अवघड नाहीत. पहिलं वाक्य म्हणजे टॉपिक सेंटेन्स, ते थीसिसमधल्या पहिल्या कारणाला धरून आहे. पुढची तीन वाक्यं एकाच मुलाला चिकटून राहतात, संध्याकाळपासून दुसऱ्या दिवशीच्या सकाळपर्यंत. शेवटचं परत ‘लर्निंग’वर येतं. ‘देअरफोर’ही तिथे उगाच नाही, आधीच्या तीन वाक्यांनी त्याची जागा तयार केलीय. पाच ते सात वाक्यं, ७० ते ९० शब्द, एवढं मोजमाप मुलांना सांगून टाका. ३०० ते ३३० शब्दांच्या निबंधात प्रस्तावनेला ४५, दोन परिच्छेदांना मिळून १६० ते १७०, विरुद्ध बाजूला ६० ते ७० आणि समारोपाला ३५ ते ४० शब्द पुरतात. हे आकडे म्हणजे काही कायदा नव्हे. पण १२० शब्दांची प्रस्तावना लिहिणाऱ्या मुलाला निबंध कुठे फुगला ते त्यांवरून दिसतं.

पुरावा कुठून आणायचा, या अडचणीतून मुलं एक वाईट सवय लावून घेतात: ‘अकॉर्डिंग टू अ सर्व्हे, ९० पर्सेंट स्टुडंट्स…’ कुठला सर्व्हे? कुठलाच नाही. आकडा घातला की निबंध भारदस्त दिसतो असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं. ही सवय पहिल्याच दिवशी मोडा. वर्गात बसून लिहिलेल्या निबंधात संदर्भग्रंथ कुणी मागत नाही. नेमकं उदाहरण, सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट, कारण-परिणामाची साखळी, एवढं पुरेसं असतं. रचलेला आकडा तपासणाऱ्याच्या लगेच लक्षात येतो आणि मग निबंधातल्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो.

विरुद्ध बाजूचा परिच्छेद नववीला झेपतो का? झेपतो, पण शेवटी शिकवा आणि अर्धवट सोडू नका. ‘सम टीचर्स आर्ग्यू दॅट लेस होमवर्क मीन्स वीकर रिझल्ट्स’ एवढं लिहून मूल थांबलं तर वाचणाऱ्याला वाटतं, याने बाजू बदलली. लगेच पुढच्या वाक्यात उत्तर आलं पाहिजे: त्यात किती तथ्य आहे ते मान्य करायचं, मग ते आपल्या विधानाला का धक्का देत नाही ते सांगायचं. ‘दिस मे बी ट्रू ऑफ अ फ्यू सब्जेक्ट्स दॅट नीड डेली प्रॅक्टिस. हाउएव्हर, वन अवर इज इनफ फॉर सच प्रॅक्टिस.’ दुसरा दोष म्हणजे विरोधकाच्या तोंडी मूर्खपणाचं वाक्य घालणं. ‘सम पीपल थिंक स्टुडंट्स आर मशीन्स’ असं कुणीच म्हणत नाही, मग त्याला उत्तर देऊन काय मिळालं?

औपचारिक म्हणजे जड, हा समज वर्गात खोल रुजलेला असतो आणि गाइडं त्याला खतपाणी घालतात. ‘यूज’ऐवजी ‘युटिलाइज’, ‘मेनी’ऐवजी ‘प्लेथोरा ऑफ’, दर वाक्याला ‘मोरओव्हर’. प्रत्यक्षात औपचारिकपणा येतो तो मोजून बोलण्यातून. ‘ऑल स्टुडंट्स हेट होमवर्क’ला खोडून ‘मेनी स्टुडंट्स फाइंड लाँग होमवर्क डिफिकल्ट’ करायला लावा आणि दोन्हींतला फरक वर्गाला सांगायला सांगा. ‘मे’, ‘ऑफन’, ‘टेंड टू’ हे छोटे शब्द ‘प्लेथोरा’पेक्षा कितीतरी कामाचे. बाकीची यादी छोटी आहे, एका तासात होते: ‘डोन्ट’चं ‘डू नॉट’ करा, वाचकाला ‘यू’ म्हणू नका, ‘किड्स’, ‘गॉट’, ‘स्टफ’ आणि उद्गारचिन्हं काढा, परिच्छेदात प्रश्नामागून प्रश्न विचारू नका. ‘आय’बद्दल शिक्षकांत मतभेद आहेत. ‘आय’ चालतो की नाही हे तुमच्या परीक्षेच्या सूचनांवर ठरवा, पण ‘आय थिंक दॅट’ बहुतेक वेळा खोडता येतं आणि खोडल्यावर वाक्य जास्त ठाम होतं, एवढं मात्र दाखवून द्या.

जोडशब्दांचंही तसंच. यादी पाठ करून घेऊ नका. भर घालणं, कारण सांगणं, विरोध दाखवणं, ही तीन नाती शिकवा आणि प्रत्येकाला दोन-दोन शब्द द्या. जोडशब्द झाकून परिच्छेद वाचायला सांगा. झाकूनही वाक्यांमधलं नातं कळत असेल तर शब्द योग्य जागी आहे. कळत नसेल तर ‘फर्दरमोर’ घालून ते तयार होणार नाही.

प्रस्तावना सगळ्यात शेवटी लिहायला शिकवा. विचित्र वाटेल, पण मुलं अडकतात ती तिथेच. ‘इन टुडेज मॉडर्न वर्ल्ड’ लिहून छताकडे बघत बसतात. वहीत वर सहा ओळी कोऱ्या सोडायच्या, थीसिस कच्च्या जागेत लिहून ठेवायचा, मधले परिच्छेद करायचे आणि मग वर यायचं. प्रस्तावनेत दोन-तीन वाक्यं: प्रश्न काय आहे, तो आत्ता का विचारला जातोय, आणि शेवटी थीसिस. समारोपाला दोन वाक्यं पुरे. मत वेगळ्या शब्दांत, आणि ते मानलं तर काय करावं लागेल ते. नवा मुद्दा तिथे आणायचा नाही.

आता तुमच्या लाल शाईबद्दल. ४५ वह्या, प्रत्येकीला आठ मिनिटं, म्हणजे सहा तास, दर पंधरवड्याला. एवढ्या कष्टातून मुलाच्या हातात काय पडतं? वीस-पंचवीस लाल खुणा, ज्यांतली कुठली महत्त्वाची ते त्याला कळत नाही. शिवाय दुरुस्ती तुम्हीच केलेली, त्याला करायला काही उरलेलं नाही. तो खाली लिहिलेले गुण बघतो आणि वही मिटतो. परभाषेतल्या लेखनात व्याकरणाच्या चुका दुरुस्त करून काही साधतं का, यावर भाषाशिक्षणाचे अभ्यासक जॉन ट्रस्कॉट यांनी १९९६ मध्ये सरळ ‘नाही, सोडून द्या’ असं लिहिलं. त्याच विषयाच्या अभ्यासक डेना फेरिस यांनी १९९९ मध्ये त्यांना उत्तर दिलं, आणि तो वाद पुढे बराच चालला. मला ट्रस्कॉट यांचं टोक पटत नाही. पण सगळं दुरुस्त करण्यापेक्षा थोडं, ठरवून आणि मुलाकडून दुरुस्त करून घेणं बरं, एवढं त्या वादातून घ्यायला हरकत नाही.

म्हणजे असं. या सत्रासाठी चुकांचे दोनच प्रकार निवडा. माझी निवड: वाक्य कुठे संपतं ते, आणि कर्त्याशी क्रियापदाची जुळणी. पूर्णविरामाच्या जागी स्वल्पविराम देऊन किंवा ‘अँड’ने ओढत नेलेलं चार ओळींचं वाक्य वाचणाऱ्याला सगळ्यात जास्त दमवतं. ‘अ’, ‘अ‍ॅन’, ‘द’ सध्या बाजूला ठेवा. मराठीत असं काही नसल्याने ते बसायला वर्षं लागतात, आणि ‘द’ राहिला म्हणून सहसा अर्थ बिघडत नाही. निवडलेली चूक ज्या ओळीत आहे तिच्या समासात नुसता ठिपका द्या. कुठे आहे ते मुलाने शोधायचं आणि निळ्या शाईने सुधारायचं. ज्याला ठिपक्यावरून सापडत नाही त्याला ती चूक अजून कळलेलीच नाही, हेही तुम्हाला त्यातून समजतं. अशी मुलं एकत्र बसवून दहा मिनिटं शिकवा. सगळ्या वर्गाला वेठीला धरायची गरज नाही.

गुण दर वेळी देऊ नका. संशोधक रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ज्यांना फक्त शेरा मिळाला ती मुलं पुढच्या कामात सुधारली. शेऱ्यासोबत गुणही दिले तेव्हा शेऱ्याचा फायदा उरला नाही. वर्गात तुम्ही रोज हेच बघत असाल.

मुख्याध्यापिकांना न सांगता हे सुरू केलंत तर अर्ध्या कोऱ्या वह्या बघून त्या नाराज होतील, आणि त्यांचं चुकलं असंही म्हणता येणार नाही. आधी जाऊन भेटा. प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर छोटी पट्टी चिकटवा: तारीख, या वेळचं लक्ष्य, साध्य झालं की नाही, मुलाने केलेली सुधारणा, तुमची सही. तपासणीला आलेल्या माणसाला वही बघितलेली दिसते, शिवाय मूल पुढे सरकलं का तेही दिसतं. एका वेळी एकच परिच्छेद तपासायचा असल्याने वहीला दोन ते तीन मिनिटं लागतील. सहा तासांचे दोन होतील. पालकांनाही एकदा कळवा, नाहीतर न दुरुस्त केलेली चूक दाखवायला कुणीतरी येईलच.

गाइडमधल्या निबंधांचं काय? जप्त करू नका. पाठ करण्याऐवजी ते फोडायला द्या. एक बरा निबंध घ्या, त्याची वाक्यं सुट्या पट्ट्यांवर लिहा, पट्ट्या पिसून चौघांच्या गटाला द्या आणि क्रम लावायला सांगा. जिथे दोन गटांचे क्रम वेगळे येतील तिथे खरी चर्चा होते. दुसऱ्या निबंधातले टॉपिक सेंटेन्स पुसून टाका आणि मुलांकडून भरून घ्या. तिसरा मुद्दाम वाईट निवडा आणि त्यावर ‘कशावरून?’ आणि ‘मग काय?’ हे शेरे मुलांनाच लिहू द्या. गाइडं या कामाला उत्तम, कारण त्यांत ‘मग काय?’ला जागा भरपूर असते. पाठांतर करणारा मुलगा आळशीच असतो असं नाही. कोऱ्या कागदाची भीती वाटणारा हुशार मुलगाही पाठच करतो. आणि घरून यंत्राकडून लिहून आणलेल्या निबंधांचा प्रश्न असेल, तर परिच्छेद वर्गातच लिहून घेतल्यावर तो बराचसा मिटतो.

याच्या जोडीला आठवड्यातून एकदा तुम्ही स्वतः फळ्यावर लिहा. तयार करून आणलेलं नको. मुलांनी विषय द्यावा आणि तुम्ही त्यांच्यासमोर विचार करत, खोडत, पुन्हा लिहीत एक परिच्छेद करावा, दहा मिनिटांत. ‘हे वाक्य छान आहे, पण माझ्या मुद्द्याचं नाही, काढते’ असं मोठ्याने बोला. छापलेला निबंध बघून मुलांना वाटतं तो एका दमात उतरला असेल. खोडण्याचं काम त्यांनी कधी पाहिलेलंच नसतं.

वेळापत्रक विचाराल तर, सोळा आठवडे गुणिले दोन म्हणजे ३२ तास. पहिला तास सुरुवातीच्या परीक्षेला, पुढचे चार विधानाला, त्यानंतरचे पंधरा परिच्छेदाला, चार विरुद्ध बाजू आणि भाषेच्या औपचारिकपणाला, दोन प्रस्तावना-समारोपाला. उरलेल्या सहा तासांत घड्याळ लावून पूर्ण निबंध, एकाआड एक: एका तासाला लिहायचा, दुसऱ्याला सुधारायचा. म्हणजे चार महिन्यांत पूर्ण निबंध तीनच. आत्ताच्या तुमच्या वेगाने आठ झाले असते, हे मला माहीत आहे.

घड्याळाच्या निबंधात ३५ मिनिटांपैकी पाच आराखड्याला द्या: थीसिस आणि दोन कारणांपुढे एकेक उदाहरण, शब्दांतच, हवं तर मराठीत. आराखडा मराठीत चालेल, पूर्ण मजकूर मात्र मराठीत लिहून भाषांतर करू देऊ नका, नाहीतर क्रियापद वाक्याच्या टोकाला जाऊन बसतं. चोवीस मिनिटं लिहायला. शेवटची सहा वाचायला, आणि ती दोन फेऱ्यांत: एकदा फक्त क्रियापदं, एकदा फक्त पूर्णविराम. ही फेरी शेवटच्या वाक्यापासून वर वर जात केली तर डोळा अर्थाच्या ओघात वाहून जात नाही आणि चुका दिसतात. ‘नीट वाचून काढा’ एवढ्याच सूचनेवर मुलं पानावरून नजर फिरवतात आणि पेपर देऊन टाकतात.

तुमच्या वर्गात आठ-दहा मुलं अशी असतीलच ज्यांना इंग्रजीत एक सरळ वाक्यही जड जातं. त्यांना ३३० शब्दांचं लक्ष्य देऊ नका. एक थीसिस आणि दोन नीट परिच्छेद, मिळून १५० शब्द, एवढंच मागा. सुरुवातीला वाक्यांचे सांगाडे द्या: ‘द मेन रीझन इज दॅट…’, ‘फॉर एक्झाम्पल, अ स्टुडंट हू…’, ‘देअरफोर,…’. दुसऱ्या महिन्यात तीनपैकी एक सांगाडा काढून घ्या, तिसऱ्यात दुसरा. न काढता तसेच ठेवलेत तर तेही पाठांतरच होतं. गुणवाटपाची तक्ती या मुलांसोबत बसून वाचा. बहुतेक ठिकाणी आशय, मांडणी आणि भाषा यांचे गुण वेगवेगळे असतात, आणि आपल्या मोडक्या इंग्रजीतही पहिल्या दोन खात्यांतले गुण मिळू शकतात, हे त्यांना सहसा कुणी सांगितलेलं नसतं.